मेल टाकलाय, मिळाला का?

मागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो, तरी त्याच्याही वर आवाज चढवून बोललेलं एक वाक्य सोलापुरातल्या कुठल्याही टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसातून ऐकू येतं. "मेल टाकलाय, मिळाला का?" इकडे मेल पाठवायचा आणि लगेच दुसऱ्या हातानं फोन लावायचा, ही इथली रीत. बी पेरलं की लगेच माती उकरून बघावी तसला हा प्रकार, पण कुणाला त्यात वावगं वाटत नाही. लेक सासरी पोचली का, हे विचारल्याशिवाय आईच्या घशाखाली घास उतरत नाही, तसंच हे.

प्रभाला मात्र या रीतीची चीड होती. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात ती लग्नानंतर टायपिंगच्या कामाला लागली. बीएस्सी झालेली, हुशार, आणि घरात बसून राहणं जमण्यासारखं नव्हतं, कारण नवरा एकनाथ विनाअनुदानित शाळेत मास्तर. अनुदान येणार, येणार म्हणता म्हणता त्याचे केस पांढरे झाले होते. वाट बघण्यात तो इतका मुरला होता की भवानी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाणी आलं नाही तरी तो शांतपणे म्हणायचा, येईल. घर चालत होतं ते प्रभाच्या नोकरीवर.

कारखान्याचे मालक वीरभद्रप्पा. त्यांना सगळे अप्पा म्हणत. परदेशातल्या ऑर्डरी येऊ लागल्या तेव्हा अप्पांनी विचारलं होतं, हे मेलचं काम कोण शिकेल? प्रभानं हात वर केला. पुस्तकं आणून, रात्रीचा स्वयंपाक आटोपून, चुकत-माकत ती शिकली आणि जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत तिनं कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. त्या खोलीला एसी लागला. पाचशे माणसांच्या कारखान्यात मालकांची केबिन सोडली तर एसी असलेली ती एकच जागा. मे महिन्यात चेकिंगच्या बायका काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात उभ्या राहत, पदरानं मान पुसत म्हणत, "म्याडम, तुमच्या मशिनीचं नशीब बगा." प्रभा हसायची आणि दार जरा जास्त वेळ उघडं ठेवायची.

मेलनंतर फोन करायची खोड तिनं या कारखान्यातून मोडून काढली. एकेकाला शिकवलं. सगळ्यात जास्त वेळ लागला तो डिस्पॅचच्या रावजीकाकांना. साठीला आलेला माणूस, मुंबईच्या बंदरावरच्या एजंटाला मेल करायचा आणि मग अर्धा तास फोनवर ओरडत बसायचा. एके दिवशी प्रभानं त्यांना शेजारी बसवून पडदा दाखवला. ही ओळ बघा, काका. पलीकडच्या सर्व्हरनं आपला मेल घेतला असं तो सांगतोय. आणि नाही घेतला तर मेल आपल्याकडे परत येतो, का घेतला नाही तेही सांगतो. मग फोन कशाला?

"म्हणजे परत नाही आला तर गेला?"

"गेला म्हणजे गेला."

काकांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद केला. पुढे ऑफिसात ती म्हणच झाली. कुणी मेलबद्दल शंका काढली की दुसरा म्हणायचा, प्रभाताईंचा सर्व्हर आहे, गेला म्हणजे गेला. प्रभाला याचा गर्व होता. माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट स्वतःची म्हणता यावी, तशी ती तिची होती.

अप्पा थकले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. शिवकुमार. बोलायला गोड, सगळ्या बायकांना ताई म्हणणारा. त्यानं केबिनची विटांची भिंत पाडून काचेची केली, म्हणजे बसल्या जागेवरून सगळं ऑफिस दिसावं. तो आला आणि वर्षभरात मार्केटिंग बघणारा आशिष नोकरी सोडून गेला आणि त्यानं चिंचोळीकडे स्वतःचा टॉवेलचा धंदा टाकला. शिवकुमारनं प्रभाला बोलावून सांगितलं, आपल्याकडून आशिषच्या पत्त्यावर एकही मेल जाता कामा नये. डिझाइनं, भाव, काही म्हणजे काही नाही.

यात प्रभाला काही गैर वाटलं नाही. घरच्या माणसानं वेगळी चूल मांडली तर मीठ-मिरचीचा हिशेब वेगळा होतोच. तिनं सर्व्हरला नियम घालून दिला. आशिषला मेल केला की तो परत यायचा आणि सांगायचा, या पत्त्यावर मेल पाठवायला बंदी आहे. दोन दिवसांत ही गोष्ट ऑफिसभर झाली. शिवकुमारनं तिला पुन्हा बोलावलं.

"ताई, असं नको. पाठवणाऱ्याला कळता कामा नये."

"मग मेल जाणार कुठं?"

"जाऊ दे की कुठंही. तुम्हाला येत असेलच की ते."

येत होतं. सर्व्हरला मेल परत पाठव असं सांगता येतं, तसंच गिळून टाक असंही सांगता येतं. मग पाठवणाऱ्याच्या पडद्यावर मेल गेल्यासारखाच दिसतो. तो कुठंच जात नाही, परतही येत नाही, आणि एकदा गिळला की पुन्हा काढता येत नाही. प्रभानं इतक्या वर्षांत ही सोय फक्त कचऱ्यासाठी वापरली होती. त्या दिवशी तिनं परतच्या जागी गिळ असा एकच शब्द बदलला, आणि घरी आल्यावर उगाचच एकनाथवर चिडली.

हे फार दिवस लपलं नाही. रावजीकाकांच्या नातीचं बारसं होतं. आशिष त्यांना मुलासारखा. त्याला बोलावणं त्यांनी मेलवरूनच केलं, नव्या पद्धतीनं, आणि तो आला नाही. काका मनातून खट्टू झाले, पण जुनी खोड उफाळून आली आणि त्यांनी फोन लावला. आशिष म्हणाला, काका, मला काहीच मिळालं नाही. काका सरळ जिन्याखालच्या खोलीशी आले. प्रभा खोटं बोलली. त्याच्याच बाजूला काहीतरी बिघाड असेल म्हणाली. काकांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि "असेल" म्हणून गेले. त्या दिवसापासून डिस्पॅचमध्ये पुन्हा फोन वाजू लागला.

शिवकुमारला हे सांगितल्यावर तो हसला. म्हणाला, "तुम्हीच ना सगळ्यांना शिकवलंत, फोन करायचा नाही म्हणून? फार चांगलं काम केलंत ताई. आता काकांना पुन्हा एकदा शिकवा."

प्रभाला ते हसणं लागलं. आपण आयुष्यभर कष्टानं बांधलेल्या घरात दुसऱ्यानंच कुलूप घालून किल्ली खिशात टाकावी, तसं वाटलं. पण ती केबिनमधून बाहेर आली आणि कामाला लागली.

दुसरा हुकूम दिवाळीनंतर आला. परदेशातल्या ज्या मोठ्या दुकानाला टॉवेल जायचे, त्या दुकानानं कारखान्याची तपासणी करायला एक संस्था नेमली होती. त्या संस्थेचा फलक कँटीनच्या दारावर लावलेला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदीत लिहिलेला. कामगारांना काही तक्रार असेल तर या पत्त्यावर मेल करा, या नंबरावर फोन करा, नाव गुप्त ठेवलं जाईल. हा फलक लावल्याशिवाय ऑर्डर मिळत नाही. कामावर असताना मोबाइल गेटवरच्या पेटीत जमा करायचा असतो, त्यामुळे फोनचं कुणी मनावर घेत नव्हतं. मेलचं मात्र शिवकुमारनं मनावर घेतलं. मेल असलेली माणसं ऑफिसात आणि लाइनीवर मिळून साठ-सत्तर होती.

"तो पत्ताही टाका, आशिषच्या शेजारी."

प्रभा यावेळी बोलली. फलक आपणच दारावर लावलाय, त्यावर मेल करा असं लिहिलंय, आणि मेल आपणच गिळायचा, हे बरोबर नाही. शिवकुमारनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुणीतरी रागाच्या भरात काहीतरी खरडतो, तिकडं लाल शेरा पडतो आणि इकडं पाचशे चुली विझतात, असं म्हणाला. मग पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवून अगदी घरातल्यासारखं विचारलं, "श्रावणीचं कसं चाललंय? जूनपासून माझ्या मित्राच्या कंपनीतच जाणार ना ती, पुण्याला? बोललोय मी त्याच्याशी. काही काळजी करू नका."

श्रावणी ही प्रभाची एकुलती एक मुलगी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अर्ज करून करून थकलेली. तिच्या तोंडावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं होतं ते याच मित्राच्या कंपनीमुळे. प्रभा पाणी प्यायली. त्या संध्याकाळी तो पत्ता आशिषच्या शेजारी गेला. फलक कँटीनच्या दारावर तसाच राहिला, आणि प्रभा डबा खायला कँटीनमध्ये जायची ती जाईनाशी झाली. सर्व्हरच्या खोलीतच कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ लागली. एसीच्या थंडीनं हात गारठायचे, पण तिनं जागा बदलली नाही.

चेकिंगमध्ये रुपाली नावाची मुलगी होती. सांगोल्याकडच्या एका वाडीतली. सासू केराबाई, सासरा गुंडा, दोघं मेंढरं राखणारे. नवरा कुमार आणि ती कामाला सोलापुरात आलेले. कुमार डाय हाउसला, म्हणजे रंगखात्यात, रुपाली चेकिंगला. टॉवेल उजेडासमोर धरून त्यातला सुटलेला धागा एका नजरेत पकडायची, म्हणून तिला लाइनीची प्रमुख केलं आणि कंपनीचा मेल आयडी दिला. तो कसा वापरायचा हे शिकायला ती प्रभाकडे आली. स्वतःचं नाव आणि पुढं कंपनीचं नाव असं पडद्यावर बघून ती कितीतरी वेळ हलली नाही. पहिला मेल तिनं प्रभालाच केला. जिन्याच्या पलीकडच्या टेबलावरून. "म्याडम जेवला का." आणि विचारायला उठून आली नाही, शिकवल्याप्रमाणे जागेवरच बसून राहिली. प्रभानं उत्तर पाठवलं, जेवले. तिकडून रुपाली हसली ते आवाजावरून कळलं.

तिच्या मोबाइलवर दुकानदारानं काढून दिलेला एक मेल होता, पण प्रभानंच तिला सांगितलं होतं, तसल्या मेलला कुणी विचारत नाही, भलतीकडेच जाऊन पडतो. काही महत्त्वाचं असेल तर कंपनीच्या आयडीवरून लिहावं, त्याला वजन असतं. रुपालीनं हे गाठीला बांधून ठेवलं. इतकं पक्कं, की कंपनीविरुद्धची तक्रारसुद्धा तिनं कंपनीच्याच आयडीवरून केली.

ती तक्रार केली त्या दुपारी ती सर्व्हरच्या दाराशी येऊन उभी राहिली. नेहमीसारखी गारव्याला आली असेल म्हणून प्रभानं खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"म्याडम, त्या कँटीनच्या दारावरच्या पत्त्यावर मेल केलाय मी. हायड्रोच्या झाकनाचं लिवलंय."

हायड्रो म्हणजे ओले टॉवेल गरगर फिरवून पिळून काढणारं मशीन. पिंप थांबल्याशिवाय झाकण उघडू नये म्हणून त्याला एक लॉक असतं. ते लॉक तुटलेलं होतं. डाय हाउसच्या मुकादमानं झाकण टॉवेलच्या काठाच्या पट्टीनं बांधून ठेवलं होतं आणि घाई असली की पिंप थांबायच्या आधीच माल काढायला लावायचा. त्या मशीनवर कुमार होता. तोंडी सांगून झालं होतं, दोनदा मुकादमाला, एकदा मॅनेजरला. रुपाली सांगत होती, सासरा न्यायला आलाय, म्हणतोय, सोडून दे आणि घरला चल, मेंढरं घेऊन खाली उतरायचं हाय, माणूस कमी पडतोय. कुमारनं तर पिशवीसुद्धा भरली होती.

"मीच म्हणलं, थांबा की जरा. मेल केलाय तर माणसं येत्यालच बघायला. ह्ये गेलं तरी ह्येंच्यासारकं दुसरं कोन तर चढंलच की त्या मशिनीवर." मग तिनं आवाज खाली आणला. "गेला का न्हाय, बगता का तेवडं?"

प्रभानं पडद्याकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. ओळ समोरच होती, रुपालीचं नाव, तो पत्ता, आणि शेवटी एकच शब्द, तिनं स्वतः लिहिलेला. काचेपलीकडे शिवकुमार फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता त्याची नजर सगळ्या ऑफिसवरून फिरत होती.

"गेला," प्रभा म्हणाली.

"मग झालं. तुमी म्हणला म्हंजी गेला."

ती गेल्यावर प्रभानं पहिल्यांदा तो मेल कुठून तरी परत काढता येतो का ते पाहिलं. येत नव्हतं. मग तिनं ठरवलं, सुटताना रुपालीला बाजूला घेऊन सांगायचं, घरून मोबाइलवरून पाठव, किंवा त्या नंबरावर फोन कर. सहाला ती गेटवर गेलीही. रुपाली आणि कुमार पेटीतून आपापले मोबाइल घेत होते. रुपाली हातवारे करून त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मान हलवत होता, पटल्यासारखी. तेवढ्यात मागून शिवकुमारची गाडी आली, काच खाली झाली, "ताई, सोडू का?" नको म्हणाली, स्कूटी आहे. गाडी पुढे गेली तोवर ती दोघं रस्त्याला लागली होती. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी श्रावणीच्या पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं. घरात पेढे आले. एकनाथनं पहिला पेढा बायकोच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, तुझ्यामुळे झालं हे. त्यानंतर ती रोज म्हणत राहिली, आज सांगू, उद्या सांगू. मधे एकदा स्वतःला समजावलं की मुकादमानं केलंच असेल नीट. डाय हाउसमध्ये जाऊन झाकण बघून येणं काही अवघड नव्हतं, पण ती गेली नाही. नव्वद पावलांचं अंतरही माणसाला ओलांडायचं नसेल तर ओलांडवत नाही. रुपाली मधे मधे भेटायची. काही आलं का, असं विचारायची नाही. उलट म्हणायची, लांबची माणसं हायत, येळ लागनारच.

संक्रांतीच्या आधी माल घाईचा होता. मुकादमानं ओरडून झाकण उघडायला लावलं. पिंप थांबत आलेलं, थांबलेलं नव्हतं. ओल्या टॉवेलचा पीळ कुमारच्या हाताला बसला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. मशीन बंद करायला कुणी धावलं, कुणी पंचा आणला. ऑफिसात तो आवाज पोचला नाही, मागांच्या आवाजात बुडाला. बातमी मात्र पोचली, आणि प्रभानं ती उभ्यानंच ऐकली, टेबलाचा काठ धरून.

ती संध्याकाळी दवाखान्यात गेली. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात केराबाई भिंतीला टेकून बसली होती, शेजारी भाकरीचं फडकं न सोडलेलं. गुंडा खाली बसला नव्हता, काठीवर दोन्ही हात ठेवून उभाच. त्यानं प्रभाला ओळखलं नाही, तरी सांगू लागला, माणूस समोर आला की सांगायचं म्हणून. मेंढरं कातरायला उजवा हात लागतो. कातर उजव्याच हातात बसते. डाव्यानं शिकला तरी मेंढरू ऐकून घेत नाही, हलतं, मग कातडी कापते. पोराला न्यायला आलो होतो दिवाळीनंतर.

रुपाली आतून आली. डोळे कोरडे. प्रभाला बघून तिला बरं वाटलं, हेच प्रभाला सहन झालं नाही. रुपाली म्हणाली, शिवकुमार सर येऊन गेले, फळं ठेवून गेले, झाकण आमच्याच माणसानं वेळेआधी उघडलं असं सगळ्यांसमोर म्हणाले. मग म्हणाली, "मेल गेला हुता म्हून थांबलो म्याडम आमी. न्हायतर ह्ये गेलं असतं मामांसंगं. त्या लोकांनी वाचलाच नसंल. एवडं लिवल्यालं बी वाचत न्हाईत, काय मानसं म्हनायची."

ती शिव्या देत होती परदेशातल्या कुणाला तरी. प्रभानं त्या माणसांना ती शिवी खाऊ दिली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. घरी जाऊन तिला जेवणही गेलं असतं. पण रुपालीनं तिचा हात धरला होता, आणि त्या हाताला अजून सकाळच्या फोडणीतल्या हळदीचा पिवळा डाग होता.

"त्यांना मिळालाच नाही, रुपाली. इथून गेलाच नव्हता. मी अडवला होता. सरांनी सांगितलं होतं म्हणून, पण अडवला मीच."

रुपालीला पहिल्यांदा समजलं नाही. "पर तुमी बघून सांगितलं की."

"हो."

रुपालीनं हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला. केराबाईला बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं, पण सुनेचं तोंड दिसलं. तिनं विचारलं, काय म्हणत्यात ह्या बाई?

"काय न्हाय, आत्ती. आपलं टपाल पोचलं न्हाई म्हनत्यात."

"आता कशाला सांगाया आल्यात मग?" केराबाई म्हणाली आणि फडक्याची गाठ उगाचच पुन्हा आवळली.

 प्रभा उभीच होती. कुणी बस म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात पोचली तेव्हा तिनं मेल अडवल्याची बातमी तिच्या आधी पोचलेली होती.  चेकिंगच्या बायका दारात आल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. दहाच्या सुमाराला अकाउंटच्या टेबलावरून आवाज आला, "मेल टाकलाय, मिळाला का?" मग खरेदीच्या टेबलावरून. मग डिझाइनमधून, सगळ्यात तरुण पोरगी होती ती, जिला फोन करायची सवय कधी लागलीच नव्हती. रावजीकाका तर उभं राहून बोलत होते, मुद्दाम खोलीकडे तोंड करून. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिस पुन्हा इतर कुठल्याही कारखान्याच्या ऑफिससारखं झालं. इतक्या वर्षांत तिनं एकेकाला धरून शिकवलेलं एका सकाळीत पुसलं गेलं, आणि कुणाला चुकीचं म्हणावं अशी सोय नव्हती.

डबा न उघडताच तिनं काम सुरू केलं. आधी तो नियम काढून टाकला, आशिषचा आणि त्या पत्त्याचा, दोन्ही. मग मेल लिहायला घेतला. हायड्रोचं झाकण, लॉक कधीपासून तुटलेलं, मुकादमाला कितीदा सांगितलं गेलं, कुमारची बोटं. आणि कामगारांच्या तक्रारी तुमच्यापर्यंत का येत नव्हत्या, कुणाच्या सांगण्यावरून कुणी अडवल्या. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. बटण दाबायच्या आधी श्रावणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि बोट तसंच राहिलं. पोरीनं काय केलं होतं? काहीच नाही. रुपालीनंही काही केलं नव्हतं. प्रभानं बटण दाबलं. ओळ आली, पलीकडच्या सर्व्हरनं मेल घेतला.

पूर्वीची प्रभा असती तर तिथं थांबली असती. आजची उठली, गेटवर गेली, पेटीतून मोबाइल मागून घेतला. कँटीनच्या दारावर तो फलक होता. इतक्या दिवसांनी ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्यावरचा नंबर लावला. आत बायका जेवत होत्या. तिला बघून त्यांचं बोलणं थांबलं, म्हणून तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"नमस्कार. मेल टाकलाय. मिळाला का?"

पलीकडची मुलगी दिल्लीकडची असावी, हिंदीत बोलली. हां मॅडम, मिला है. तक्रार नोंदवून घेतली आहे. नियमाप्रमाणे आधी कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे खुलासा मागवतो, मग पुढची कारवाई. प्रभानं विचारलं, माझं नाव? मुलगी म्हणाली, नाव गुप्त राहतं, काळजी करू नका.

प्रभा खोलीत परत आली. पडद्यावर मेल येत-जात होते, रोजच्यासारखे. काही वेळानं त्यात एक ओळ आली. त्या संस्थेकडून, शिवकुमारच्या पत्त्यावर. सोबत काही जोडलेलं होतं, आणि त्याचा आकार बघून तिला कळलं की तिचा सगळा मेल, नावासकट, जसाच्या तसा जोडून त्यांनी पुढे ढकलला आहे. कुणीतरी घाईत असेल. किंवा त्यांची रीतच तशी असेल.

मेल अजून आत घेतला जात होता. येणारा मेल कसा गिळायचा, तेही तिला येत होतं. एका शब्दाचं काम. हात कीबोर्डवरच होता. जूनला पाच महिने होते. एकनाथची शाळा अजून अनुदानाच्या रांगेत होती.

तिनं हात काढून मांडीवर ठेवला. ओळ पुरी झाली. मेल पोचला.

काचेपलीकडे शिवकुमारनं हसत हसत चालू असलेला फोन ठेवला, माऊस पुढे ओढला आणि वाचू लागला. वाचता वाचता त्यानं मान वर केली आणि सगळं ऑफिस सोडून सरळ जिन्याखालच्या खोलीकडे बघितलं. प्रभानं उठून एसी बंद केला, दार सताड उघडलं आणि त्याच्या बोलावण्याची वाट बघत उभी राहिली.